मागच्या सीटवरचे बावन्न किलो

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागं जुलेखा मुल्लाचं जुन्या सायकलींचं गोडाऊन आहे. त्या वैशाखात एका सकाळी तिथं अजब परीक्षा चालली होती. मालन रेडेकर नावाची अठ्ठावन्न वर्षांची बाई एकेका सायकलीच्या कॅरिअरवर डोळे मिटून बसायची, तिचा नवरा आनंदा हँडल धरून सायकल अगदी हळू ढकलायचा, आणि आडव्या टाकलेल्या विटेवरून चाक गेलं की जुलेखा विचारायची, "दहापैकी किती?"

"तीन," मालन म्हणाली.

"आगं, ही परदेशी हाय! ॲल्युमिनियमची. एका हातानं उचलाय येती," आनंदा कळवळून म्हणाला.

"मग तिला सांगा की तसं. माझ्या कमरंला तीनच वाटली."

आनंदा एसटीच्या आगारात तीस वर्षं मेकॅनिक होता. विजेवरच्या गाड्या आल्या, डिझेलची इंजिनं भंगारात गेली, तरी खड्डे होते तिथंच राहिले आणि त्यामुळं आनंदाची नोकरीही शेवटपर्यंत टिकली. गाडीच्या स्प्रिंगपाट्यांबद्दल आणि शॉकपबद्दल त्याला कुणी काही शिकवावं हे त्याला साफ नामंजूर होतं. पण इथं परीक्षक बायको होती, आणि तिची कंबर म्हणजे बोलूनचालून खात्रीचं यंत्र. तीन वर्षांपूर्वी मालन काजूच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून पाठीवर पडली. मणक्यात दोन स्क्रू बसले. डॉक्टरांनी बजावलं होतं, बारीकसारीक हादरे शंभर बसले तरी चालतील, पण एक मोठा दणका नको. तेव्हापासून ती आपलं गाव चाफेखोल सोडून फक्त गडहिंग्लजच्या दवाखान्यात गेली होती, तीही जीपमध्ये आडवी पडून आणि ओरडत. आजही ती तशीच आली होती.

सहा सायकली झाल्यावर जुलेखानं कपाळाला हात लावला. "थांबा. काका, आपण येडेच हाय की! मावशी मार्क देतायत ते शॉकपला. आणि शॉकप तर आपण काढूनच टाकणार!"

आता हे जरा समजून घ्यायला हवं. आनंदाला हवी होती ती डबल शॉकपची, म्हणजे पुढं आणि मागं दोन्हीकडं दणके गिळणारी सायकल. ती विजेवर करण्याचं जे नवं किट निघालं होतं, त्यात मागच्या चाकात बसणारी मोटर होती, बॅटरी होती, आणि खरी करामत म्हणजे 'शिकाऊ शॉकप' होता. त्याच्या आत तेल असतं आणि तेलात लोखंडाची अगदी बारीक भुकटी. वीज दिली की ते तेल डोळ्याचं पातं लवायच्या आत काकवीसारखं घट्ट होतं, वीज तोडली की पुन्हा पातळ. म्हणजे शॉकप हवा तेव्हा कडक, हवा तेव्हा मऊ. एवढं तर महागड्या मोटारींत पूर्वीपासून होतं. नवीन होती ती स्मरणशक्ती. एकाच वाटेवरून वीसेक फेऱ्या मारल्या की कुठल्या वळणावर कुठला दगड आहे हे तो पाठ करतो, आणि चाक दगडावर जाण्याआधीच त्या दगडापुरता मऊ होऊन बसतो. पावसानं वाट बदलली तर दोनचार फेऱ्यांत पुन्हा शिकतो. वाट त्याला एकच येते, पण ती पक्की येते.

"म्हणजे आपण घ्यायचा तो नुसता सांगाडा," आनंदा हळूहळू म्हणाला. तीस वर्षांचा मेकॅनिक, पण हे आपल्याला आधी सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलं.

मग जुलेखानं प्रत्येक सायकलीचा शॉकप काढून तिथं लाकडी ठोकळा ठोकला आणि परीक्षा नव्यानं सुरू झाली. आता दणका सगळ्यांचा सारखाच होता. फरक होता तो डुगडुगण्यात. परदेशी सायकलीला मागं चार सांधे होते, चारही थोडेथोडे झिजलेले. वीट ओलांडली की तिचं शेपूट डावी-उजवीकडं हलायचं आणि मालनच्या पाठीतून कळ जायची. शेवटी कोपऱ्यातली एक पोपटी रंगाची, स्टिकर उखडलेली, कुणीही न विचारलेली सायकल आली. जड लोखंडी, मागं एकच जाडजूड सांधा. किटवाल्यांच्या जाहिरातींत असली सायकल शोधून सापडायची नाही. वीट ओलांडली. मालननं डोळे उघडले.

"ही."

"ही? आगं, ही म्हणजे म्हैस हाय म्हैस!"

"असू दे. हलत न्हाई."

जुलेखानं सांधा धरून जोरात हलवून पाहिला. "काका, मावशी बरोबर बोलत्यात. मोटर जोर लावती तेव्हा चाकाचा आस उलटा फिरायला बघतो. ॲल्युमिनियम तिथं फाटतं. हे लोखंड धरून ठेवंल. आणि सांध्याचा बुश एकच, तो तुमचा तुम्ही पितळंचा घडवाल."

पितळेच्या बुशाचं, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या नळीचं, नाव काढल्यावर आनंदाचा चेहरा खुलला. सायकल ठरली.

आणि इथंच मालननं घोटाळा केला.

त्याच वेळी गोडाऊनमध्ये वत्सला आली होती. वत्सला मालनच्या माहेरची, शिरसोळीची, आणि तिथंच दिलेली. लहानपणी दोघींची फुगडी पंचक्रोशीत गाजलेली. तिनंही सुनेसाठी हेच किट घेतलं होतं, सून चालवणार आणि ही मागं बसणार. जुलेखानं फॉर्म भरायला काचेची पाटी हातात घेतली आणि विचारलं, "मागं बसणाऱ्याचं वजन? खरं सांगा हां. शॉकप त्या वजनावर शिकतो. चारपाच किलोचा फरक तो सांभाळून घेतो, दहाचा न्हाई. हलकं सांगून जड माणूस बसलं तर मऊ व्हायच्या जागी पार तळाला जाऊन आपटंल."

"माझं अठ्ठेचाळीस," वत्सला म्हणाली. काठीसारखी उभी होती बया, तरुणपणी होती तशीच.

"आणि मावशी, तुमचं?"

मालनच्या तोंडून निघून गेलं, "बावन्न."

बावन्न होतं खरं, पण शिडीवरून पडण्याआधी. गेल्या खेपेला दवाखान्यात काट्यावर उभी राहिली तेव्हा चौसष्ट भरलं होतं. तीन वर्षं बसून खाल्ल्यावर आणखी काय होणार? आनंदा तेव्हा औषधांच्या रांगेत होता. "किती भरलं?" असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "हुतं तेवढंच." त्याच थापेला आता जुलेखाच्या पाटीवर शिक्का बसणार होता.

आनंदा खोकला. "आण हिकडं, मी भरतो बाकीचं," असं म्हणून त्यानं पाटी घेतली आणि खांबाजवळ जाऊन बोटं फिरवत बसला.

*

चाफेखोलहून शिरसोळीला डांबरी रस्त्यानं जायचं तर एकतीस किलोमीटर. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, पायवाटेनं नऊ. त्या वाटेवर जांभ्याचे दगड असे वर आलेले, की चारचाकीला प्रत्येक दगड सापडतो. दुचाकी मधून वाट काढते, म्हणून तर सायकल. आणि मालनला शिरसोळीला पोचायचं होतं नागपंचमीला. तिथं पंचमीच्या फेराची गाणी ज्या क्रमानं म्हणतात तो क्रम, मधले सगळे उखाणे, कुठं थांबायचं आणि कुठं धावायचं, हे सगळं आता एकट्या मालनला येत होतं. आईकडून आलेलं. गेली दोन वर्षं शिरसोळीच्या बायकांनी तिचा आवाज फोनवर लावून फेर धरला. "पण फोन थांबत न्हाई गं," तिच्या भावजयीनं सांगितलं होतं. "म्हाताऱ्या मागं पडल्या तरी तो आपला पुढंच जातो. मग निम्म्या बायका बसूनच घेतात." हे ऐकल्यापासून मालनला चैन नव्हतं. फेर घालता येणार नव्हता तिला, पण मधे पाटावर बसून गाणं धरता आलं असतं, आणि मागं पडणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी थांबता आलं असतं.

आनंदानं पंधरा दिवसांत पोपटी म्हशीचं रूपडं पालटलं. पितळेचा बुश घडवला, आस फिरू नये म्हणून दोन्हीकडं पोलादी पट्ट्या मारल्या, कॅरिअरच्या जागी पाठ असलेली गादीची खुर्ची बसवली. खुर्चीवर वाळूचं पोतं बांधलं आणि शॉकपला शिकवायला निघाला. रोज सकाळी सहाला सड्यावर जायचा, शिरसोळीच्या वेशीला शिवून परत यायचा. मृग लागला, आर्द्रा लागल्या, वाट चिखलाची झाली, वाहत्या पाण्यानं नवे खड्डे पाडले, आणि शॉकप बिचारा पुन्हा पुन्हा पहिलीत बसला. आनंदा रेनकोटमधून निथळत यायचा आणि चहाच्या आधी निकाल सांगायचा. "आज त्या मोठ्या कातळाला नुसतं डुललं बघ. पोत्याला जाग पण आली न्हाई!"

मालन हसायची आणि चहा आणायला आत वळायची. पोतं बावन्न किलोचं होतं ना. दर फेरीगणिक तो शॉकप एक खोटी बाई पाठ करत होता.

सांगून टाकावं, असं तिला रोज वाटायचं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण दहा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या. एवढा भिजून आलेला माणूस समोर बसलेला असताना त्याला कसं सांगायचं, की तुमची सगळी मेहनत पाण्यात गेली, कारण मला वत्सलासमोर बारीक व्हायचं होतं?

आषाढ संपत आला तसा आनंदा म्हणाला, "आता पोतं उतरवतो. तू बस. नुसती गावाच्या वेशीपर्यंत."

"आज नको. पाठ धरलीय."

दोन दिवसांनी पुन्हा. "आज उघडीप हाय."

"आज उपास हाय. चक्कर येईल."

तिसऱ्यांदा त्यानं काही कारण विचारलं नाही. सायकल पुसता पुसता खाली बघत म्हणाला, "मालन, तुझा विश्वास नसंल तर सांग. माझं काम कच्चं वाटत असंल तर तसं सांग. मी तुझ्या भावाला फोन करतो, ह्या साली पण फोनवरच लावा म्हणून."

"तसं न्हाई हो."

"मग कसं?"

तिनं तोंड फिरवलं आणि आत जाऊन उगाचच भांडी वाजवली. तीस वर्षांच्या संसारात त्याच्या कामाला कच्चं म्हणायची तिची कधी छाती झाली नव्हती, आणि आज तिच्या गप्प बसण्यानं तो तेच समजून बसला होता. तिला रडूच कोसळलं.

*

पंचमीला नऊ दिवस उरले. त्या दिवशी दुपारी आनंदा दाढी करायला वेशीवर गेला, आणि मालनच्या डोक्यात कल्पना आली. पोतं तिनंच जड करायचं! नऊ दिवसांत दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तरी शॉकप चौसष्ट किलोंची खरी मालन शिकून मोकळा. आणि आनंदाला वजन जाणवलंच तर? भिजली असंल वाळू, म्हणता येईल. पावसाळ्यात वाळू भिजते, त्यात खोटं काय आहे?

डॉक्टरांनी दोन किलोच्या वर उचलायचं नाही असं सांगितलं होतं. परड्यात बांधकामाची वाळू उरली होती. मालननं साखरेचा रिकामा डबा घेतला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन किलोची खूण करून घेतली, आणि पडवीत उभ्या केलेल्या सायकलीकडं सहा खेपा घातल्या. कमरेवर हात, तोंडात पदर, प्रत्येक खेपेला रस्त्याकडं एक नजर. चोरी करणाराही इतका घाबरत नसेल. सहावा डबा ओतून तिनं पोत्याचं तोंड बांधलं आणि हँडलवरची छोटी पाटी चालू केली. मागचा भार त्यावर दिसतो, हे तिला आनंदानंच दाखवलं होतं. आजवर तिनं तिकडं बघायचं टाळलं होतं. आता चौसष्ट दिसायला हवं होतं.

पाटीवर आकडा होता शहात्तर.

"आता गं बाई," मालन मोठ्यानं म्हणाली.

डबे मोजायला चुकली असेल. तिनं एक डबा वाळू काढली. चौऱ्याहत्तर. दुसरा काढला. बहात्तर. मग काट्यावर खूण चुकली का? डबा पुन्हा तोलून पाहिला, बरोबर दोन. तिनं चार खेपा आणखी केल्या. आपण घातलेली सगळी वाळू बाहेर आली, ढिगावर पडली. पोतं आनंदानं भरलं होतं तसं झालं.

चौसष्ट.

ती पडवीच्या पायरीवर बसली. पाटीवर बोट ठेवून मागच्या फेऱ्या बघता येत होत्या. काल, चौसष्ट. मृगातली पहिली फेरी, चौसष्ट. त्याच्याही खाली, जुलेखाच्या गोडाऊनमध्ये भरलेला फॉर्म होता. मागं बसणाऱ्याचं नाव, सौ. मालन आनंदा रेडेकर. वजन, चौसष्ट.

आनंदा दाढी करून आला तेव्हा ती तिथंच बसलेली होती. हाताला वाळू, पदराला वाळू, शेजारी साखरेचा डबा. त्यानं डब्याकडं बघितलं, वाळूच्या सांडलेल्या वाटेकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"उचललंस तू हे? पाठ दुखली का?"

"दोन-दोन किलोच उचललं. तुम्हाला कधीपासून म्हाईत होतं?"

"काय?"

"आता वेड पांघरू नका हो!"

आनंदा तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "रोज सकाळी तुला अंथरुणातनं उठवताना हात देतो की मी. तीस वर्षं जॅक लावून गाड्या उचलल्या, मालन. हाताला बोजा कळतो. चौसष्ट म्हणजे चौसष्ट, त्यात अर्ध्या किलोचा फरक असंल."

"मग बोलला का न्हाई? मी बावन्न म्हणाले तेव्हा?"

"वत्सला हुती ना समोर," आनंदा म्हणाला. "तू बावन्न म्हणालीस. मग माणसांत बावन्नच. शॉकपला तेवढं खरं सांगावं लागतं, त्याला काय अब्रू-बिब्रू कळत न्हाई."

मालनला हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. तीन महिने ती त्या आकड्याला घाबरून जगली, आणि हा माणूस तोच आकडा पाठीवर घेऊन रोज पावसात हिंडून येत होता. "लई छळलं हो मी तुम्हाला," ती म्हणाली. "मी बसत न्हाई म्हणून तुम्हाला वाटलं, काम कच्चं हाय."

"वाटलं खरं," त्यानं कबूल केलं. "रात्रभर बुशाचा विचार करत पडलो. म्हटलं पितळंऐवजी गनमेटल घ्यायला पायजे हुतं."

"गनमेटल राहू दे. पोतं उतरवा आधी."

*

ती सायकलीवर बसली. आनंदानं पट्टा लावला, पायांखाली फळी दिली, आणि दोघं वेशीपर्यंत गेली. मग वेशीच्या पुढं गेली. सड्यावर तेरड्याची फुलं यायला लागली होती. समोर तो मोठा कातळ आला तसे मालनचे दात आवळले गेले, हात आनंदाच्या खांद्यात रुतले. कातळ पायाखाली आला आणि गेला. खुर्ची पाळण्यासारखी एकदा खाली झाली, एकदा वर झाली, बस्स. मालन मान वळवून कातळाकडं बघतच राहिली.

"हे सगळं त्याला पाठ हाय?"

"तुझ्यासकट," आनंदा म्हणाला.

पंचमीला दोघं शिरसोळीत पोचली तेव्हा भावजय वेशीवर आरतीचं ताट घेऊनच उभी होती. दुपारी मारुतीच्या पारासमोर फेर जमला. मधे पाटावर, पाठीला उशी लावून मालन बसली आणि तिनं गाणं धरलं. तीन वर्षांनी आवाज जरा घोगरा निघाला, मग मोकळा झाला. तिसऱ्या गाण्याला म्हाताऱ्या मागं पडल्या. मालननं ओळ तिथंच धरून ठेवली, पुन्हा म्हटली, आणखी एकदा म्हटली, तोवर सगळ्यात शेवटची म्हातारी धापा टाकत जागेवर आली आणि तिनं पुढचीचा हात धरला. मग मालन पुढच्या कडव्याला गेली. त्या दिवशी एकही बाई बसली नाही.

फेर संपल्यावर पोपटी सायकलीभोवती ही गर्दी. वत्सला पुढं आली. "मालन, तुझी वाट दे की मला. माझी लेक चाफेखोलातच दिलीय. मी शिकवत बसले तर पुढची पंचमी येईल."

शिकलेली वाट एका शॉकपकडून दुसऱ्याला देता येते. आनंदानं पाटी चालू केली, आणि पटकन तिच्या एका कोपऱ्यावर अंगठा ठेवला. वाट देताना तिच्यासोबत ती कुठल्या वजनावर शिकली तेही समोर येतं, म्हणजे दुसरा शॉकप फरक काढून दोनचार फेऱ्यांत आपल्या वजनाला जुळवून घेतो. आनंदा खोकला. "हिकडं ऊन पडतंय, दिसंना झालंय. नंतर देतो, वहिनी."

मालननं त्याच्याकडं बघितलं. वीस बायका उभ्या होत्या, भावजय होती, लहानपणची फुगडीची जोडीदारीण होती.

"अहो, अंगठा काढा तो," ती म्हणाली. "वत्सले, लिहून घे. मागचं वजन चौसष्ट. दुकानात बावन्न सांगितलं ते साफ खोटं होतं."

वत्सलाचा चेहरा लाल झाला, आणि मग ती पदर तोंडाला लावून खुसखुसायला लागली.

"काय झालं गं?"

"माझं एकेचाळीस हाय," वत्सला म्हणाली. "सगळ्या म्हणत्यात, वत्सला वाळली, वत्सला वाळली. म्हणून मी अठ्ठेचाळीस सांगितलं. तरीच ती सायकल मला तांदूळ पाखडल्यागत पाखडती! सूनबाईला वाटतंय किटच बिघडलंय."

मग जे हसणं उसळलं ते पारावरच्या पुरुषांनी मान वळवण्याइतकं. हसता हसता मालननं कमरेला हात लावला, पण दुखत नव्हतं. भावजयीनं दोघींपुढं पुरणाची दिंडं ठेवली. वत्सलानं दोन घेतली, मालननं पण दोन घेतली, आणि कुणी कुणाच्या ताटात बघितलं नाही.

उन्हं कलायच्या आत निघायला हवं होतं. मालन खुर्चीत बसली, पट्टा तिनं स्वतःच लावला. आनंदानं हँडल धरून विचारलं, "बसलीस का नीट?"

"बसले की," मालन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चौसष्टच्या चौसष्ट किलो. चला आता."